तारेची संहिता

पोथीत पाठदोष कुठे शिरला हे शोधायचे, तर उपलब्ध प्रतीपासून मागे मागे जात मूळ प्रत गाठावी लागते, असे आम्ही वर्गात शिकवत आलो आहोत. ही शिस्त प्रत्यक्षात आम्हांला शिकवली ती महाडच्या घरातील टेलिफोनच्या तारेने.

बेल यांचे पेटंट १८७६चे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२मध्ये. तांब्याची ही तार मानवी आवाजासाठी होती आणि आवाजाला सुमारे ४,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. घरटी एखादा तरी माणूस मुंबईत नोकरीला, अशा महाड-पोलादपूरकडे तिचे मोल निराळेच होते. आधी ट्रंक कॉलची ताटकळ, मग एसटीडी. पुढे २००४च्या धोरणाने ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरवला आणि २००५पासून ही सेवा त्याच तारेवरून घरोघरी येऊ लागली. खालच्या पट्ट्यात आवाज, वरच्या पट्ट्यात, सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंत, माहिती. दोहोंना वेगळे करणारी डबी म्हणजे स्प्लिटर.

२००८च्या पावसाळ्यात आमच्याकडे पोलादपूरहून आत्याचा फोन आला, की इंटरनेट बंद पडे. सावित्रीच्या खोऱ्यात पहिला संशय पावसावरच जातो. सांध्यात पाणी शिरले, की तांबे गंजते आणि रिसीव्हरमध्ये खरखर ऐकू येते. पण खरखर नव्हती. अखेर आम्ही घरातील सगळी जोडणी सोडवली आणि तार जिथे घरात शिरते तिथेच मॉडेम लावला. फोन येऊनही दिवा स्थिर राहिला. म्हणजे दोष बाहेरचा नव्हे, घरचा. मग एकेक जोडणी परत करत गेलो.

दोष सापडला माजघरात. तिथल्या फोनची तार स्प्लिटरच्या आधीच फुटली होती. तो फोन वाजला वा उचलला, की वरच्या पट्ट्यातील माहिती विस्कटे. हा फाटा वडिलांनी नव्वदच्या दशकात काढला होता. आजीला ओटीपर्यंत चालवत नसे. मुंबईच्या काकांचा आवाज तिला अंथरुणावरच ऐकता यावा, एवढ्यासाठी.

फाटा तोडणे सोपे होते. आजी तर केव्हाच गेली होती. तरी आम्ही तो तोडला नाही. त्या फोनला अंगठ्याएवढा फिल्टर लावला. प्रक्षिप्त म्हणून ज्यावर काट मारायला निघालो होतो, ती ओळ वडिलांच्या हातची होती.