छडी, नोंदवही आणि समुपदेशन : मयूर विहारच्या संदर्भात

दिल्ली शालेय शिक्षण नियम, 1973 मधील 37 वा नियम हा शालेय शिस्तीच्या इतिहासातील एक बोलका दस्तऐवज आहे. शिक्षकांशी सातत्याने उद्धटपणे वागणे, मारामारी करणे, सहाध्यायांशी गंभीर स्वरूपाचे गैरवर्तन करणे अशा प्रसंगी विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा करण्याची मुभा या नियमाने शाळाप्रमुखास दिली होती. छडी वापरायची तर ती तळहातावर आणि दहापेक्षा अधिक वेळा नव्हे, अशी मर्यादाही त्यात होती. याच नियमातील आणखी दोन तरतुदींकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आजारी विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करू नये, ही एक. आणि दिलेल्या प्रत्येक शिक्षेची नोंद विद्यार्थ्याच्या वर्तन-नोंदवहीत करावी, ही दुसरी. ज्या मुलाचा आजारच उद्धटपणाच्या किंवा मारामारीच्या रूपाने प्रकट होतो, त्याला अपराधी मानावे की आजारी, हा प्रश्न नियमकर्त्यांपुढे नव्हता. दिल्लीच्या शाळांतील मानसिक आरोग्याचा पुढील इतिहास हा बव्हंशी या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास होय.

वस्ती आणि वर्ग

यमुनेच्या पूर्वेकडील मयूर विहार ही दिल्ली विकास प्राधिकरणाने तीन टप्प्यांत वसविलेली वसाहत. सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांत नोकरदार मध्यमवर्ग येथे स्थिरावला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. वसाहतीला लागूनच त्रिलोकपुरी आणि कल्याणपुरी या आणीबाणीच्या काळात उभ्या राहिलेल्या पुनर्वसन वस्त्या आहेत. त्रिलोकपुरीच्या 32 क्रमांकाच्या ब्लॉकने नोव्हेंबर 1984 मध्ये शीखविरोधी हिंसाचाराचे भीषण रूप पाहिले. शिक्षणहक्क कायदा, 2009 अन्वये विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गात परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी 25 टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. त्यामुळे एकमेकींशेजारी असूनही निराळे जगणाऱ्या वस्त्यांतील मुले एका बाकावर बसण्याची शक्यता निर्माण झाली. अशा वर्गात एखादे मूल का चिडते, का गप्प बसते, याचे एकच एक उत्तर असणे शक्य नाही.

मराठी परंपरेतील दोन धागे

छडीविषयीची शंका मराठी शिक्षणविचाराला नवी नाही. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगर येथे सुरू केलेल्या बालमंदिरात भय आणि शिक्षा यांना स्थान नव्हते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारे, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथील कार्यातून, हा विचार मराठी मुलखात रुजविला. दुसरा धागा मुंबईचा. सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने 1937 मध्ये तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातील अशा स्वरूपाचे ते पहिले केंद्र मानले जाते. मुलाचे वर्तन समजून घ्यायचे तर घर, शाळा आणि मन यांचा एकत्र विचार करावा लागतो, ही त्यामागील भूमिका होती. मात्र पहिला धागा बालवाडीपुरता आणि दुसरा महानगरी रुग्णालये व संस्था यांपुरता राहिला. माध्यमिक शाळेच्या गजबजलेल्या वर्गात या दोहोंची गाठ क्वचितच पडली.

भाषेतही याचा पडताळा येतो. व्रात्य, हूड, द्वाड, घुम्मा, एककल्ली, मठ्ठ हे मराठीतील शब्द मुलाचा स्वभाव ठरवून टाकतात. त्याच्या अडचणीची चौकशी करीत नाहीत. उपचाराचे नाव काढले की ‘ठाणे’ किंवा ‘येरवडा’ यांचा टोमणा ठरलेला असे. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली आणि मानसिक आरोग्याची चर्चा शाळा-घरांपर्यंत नेली, ही घटना म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. पूर्व दिल्लीतही असेच स्थित्यंतर घडले. शाहदरा येथे 1966 पासून चालत असलेल्या मनोरुग्णालयाचे 1993 मध्ये मानवी वर्तन व संबद्ध विज्ञान संस्थेत, म्हणजेच ‘इहबास’मध्ये, रूपांतर झाले. मयूर विहारच्या पालकांना यमुना न ओलांडता गाठता येईल अशी ही सार्वजनिक संस्था आहे. परंतु जुन्या नावाचा कलंक संस्थेच्या नव्या नावाने आपोआप पुसला जात नाही.

कायद्याची गती, शाळेची गती

1 डिसेंबर 2000 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका पालक-मंचाच्या याचिकेवर निर्णय देताना 37 व्या नियमातील शारीरिक शिक्षेच्या तरतुदी रद्द केल्या. संविधानाच्या 14 व्या आणि 21 व्या अनुच्छेदांशी त्या विसंगत असल्याचे न्यायालयाने ठरविले. शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही देशभर बंदी केली. छडी एका निर्णयाने काढून घेता आली. तिच्या जागी जे ज्ञान यायला हवे होते ते मात्र हप्त्याहप्त्याने आले. दीर्घकाळ प्रीत विहार येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 1998 मध्ये दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले, ते मुख्यतः परीक्षेच्या ताणासाठी. सप्टेंबर 2009 मध्ये उच्च न्यायालयाने दिल्लीतील शाळांना प्रत्येकी दोन विशेष शिक्षक नेमण्यास सांगितले. 1995 च्या अपंगत्वविषयक कायद्यात मानसिक आजाराचा समावेश होता, परंतु स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र मान्यता 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिली. दिल्ली शासनाने जुलै 2018 मध्ये आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी सुरू केलेला आनंद-अभ्यासक्रम सर्व मुलांसाठी होता; एखाद्या मुलाच्या विशिष्ट त्रासावर तो उपाय नव्हता. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे निर्देश दिले. छडी गेल्यापासून या निर्देशांपर्यंत जवळजवळ पंचवीस वर्षे लोटली. या अवधीत वर्गावरील शिक्षकाच्या हातून जुने साधन गेले आणि नवे पुरते आले नाही. रागाची जागा पुष्कळदा दुर्लक्षाने, पालकांना वारंवार पाचारण करण्याने किंवा शाळा बदलण्याच्या सल्ल्याने घेतली.

गप्प मुलाचा प्रश्न

वर्गात व्यत्यय आणणारे मूल निदान दिसते तरी. गप्प मूल दिसतच नाही. वडिलांच्या किंवा आईच्या बदलीमुळे मराठी शाळेतून दिल्लीच्या हिंदी-इंग्रजी वातावरणात आलेले मूल काही काळ अबोल होते, हे स्वाभाविक आहे. या अबोलपणास आजार ठरविणे जसे चुकीचे, तसेच खिन्नतेने वा भयाने मिटलेल्या मुलाविषयी ‘भाषा आली की बोलेल’ असे म्हणून महिनोन्‌महिने थांबणेही चुकीचे. फरक ओळखण्याची खूण साधी आहे : घरी, मराठीत, ते मूल पूर्वीसारखे बोलते, खेळते, जेवते का? हे शिक्षकाला घरच्यांशी बोलल्यावाचून कळत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (2015-16) 13 ते 17 वयोगटातील सुमारे 7.3 टक्के मुलांत मानसिक विकार नोंदविले. हे प्रमाण धरले तर चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन मुलांचा विचार करावा लागतो. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत दिल्ली नव्हती आणि महाराष्ट्रही नव्हता, हेही ध्यानात ठेवणे इष्ट.

नोंदवहीचे नवे प्रयोजन

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. निरीक्षण हे आहे. मूल कोणत्या तासाला, कोणत्या कामाच्या वेळी अस्वस्थ होते, त्याआधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, याची काही आठवड्यांची नोंद समुपदेशकाला आणि वैद्यकाला मोलाची ठरते. मोठे काम लहान भागांत देणे, कामात बदल होण्यापूर्वी सूचना देणे, शिक्षकाजवळची जागा, वर्गाबाहेर क्षणभर जाण्यासाठी आधी ठरविलेली खूण, चारचौघांत न रागावणे, हे उपाय खर्चिक नाहीत. मात्र त्यांतील कोणता उपाय कोणत्या मुलास लागू पडेल, हे अशा नोंदीवाचून ठरत नाही. ही नोंद गोपनीय राहणे मात्र अत्यावश्यक आहे. अन्यथा तीच मुलाच्या माथी कायमचा शिक्का मारते.

1973 च्या नियमाने वर्तन-नोंदवही मागितली होती ती शिक्षेचा हिशेब ठेवण्यासाठी. छडी गेली तेव्हा तिच्याबरोबर ही नोंदवहीही निरुपयोगी ठरली, असे मानण्याचे कारण नाही. आजारी मुलाला शिक्षा करू नये, हे नियमाला तेव्हाही ठाऊक होते. आजार ओळखावा कसा, एवढेच ठाऊक नव्हते. ते ओळखण्याची सुरुवात, मयूर विहारच्या वर्गात काय किंवा महाराष्ट्राच्या वर्गात काय, त्याच नोंदवहीचे पान निराळ्या हेतूने उघडण्यापासून होऊ शकते.