चाल कागदावर : स्वरलिपी, खिळे आणि एक जुना संगणक

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रा’ची (१८८२) छापील संहिता उघडली की पदाच्या डोक्यावर ‘चाल’ अशी एक लहानशी ओळ दिसते आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. मराठी छापखान्याला सापडलेली ही संगीत नोंदवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती. स्वर एकही नाही, तरी माहीतगाराला पूर्ण गाणे मिळते. अट एवढीच की ते दुसरे गाणे कुणाला तरी आठवत असले पाहिजे. लाखांदूर तालुक्यातल्या दंडारीच्या वह्यांतही मला हीच ओळ भेटते. शब्द शाबूत, वर चालीचे नाव, आणि ती म्हणून दाखवणारा माणूस ऐंशीच्या पुढचा, नाहीतर गेलेला. या वह्या उतरवून घेताना मला स्वरलिपीच्या इतिहासात शिरावे लागले.

बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवून पुस्तके काढली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले, त्यांची लिपी निराळी. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची आणखी निराळी. पलुसकरांकडे मंद्र स्वरावर टिंब, तार स्वरावर उभी रेघ, कोमलाला पाय मोडल्यासारखी खूण. भातखंड्यांकडे मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली चंद्रकोर. समेला गुणिले, खालीला शून्य.

या भेदाची चर्चा बहुधा शास्त्राच्या अंगाने होते. मला त्यात छापखाना अधिक दिसतो. देवनागरीचे खिळे मुळातच वर मात्रा आणि खाली उकार घेऊन अडचणीत असतात, त्यात टिंबे आणि रेघा बसवायच्या म्हणजे जुळाऱ्याची परीक्षाच. पलुसकरांनी विद्यालयाचा स्वतःचा छापखाना घातला, तो उगीच नव्हे. भातखंड्यांची लिपी मराठी मुलखात जास्त रुजली, याचे एक कारण मी असे मानतो की ती शाळकरी वहीत पेन्सिलीनेही लिहिता येते. पण त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत आले ते रागसंगीत. दंडार कोणत्याही परीक्षेला नव्हती. तिच्यासाठी खिळे जुळवायला कोण पैसे देणार?

पुढे खिळे गेले, संगणक आला. १९९१ हे साल येथे ध्यानात ठेवावे. त्या वर्षी भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ प्रमाण जाहीर झाले, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली. तरी आपल्याकडे पुढची बरीच वर्षे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्टच चालले. असा फॉन्ट संगणकातून गेला की मजकुराचा इंग्रजी अक्षरांचा खिचडा होतो. त्या काळात टंकलेली गाणी आज उघडून पाहा, म्हणजे कळेल.

युनिकोडात भातखंड्यांच्या खुणांना स्वतंत्र जागा नाही. परंतु वेदपठणासाठी अनुदात्ताची खालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ आहेत. त्या उसन्या घेतल्या की कोमल गांधार ग॒ आणि तीव्र मध्यम म॑ असा उमटतो. मंद्रासाठी नुक्ता, तारासाठी अनुस्वार. मंद्र कोमल निषाद ऩि॒ असा लिहिताना एकाच अक्षरावर वेलांटी, टिंब आणि रेघ तिन्ही येतात. जुळाऱ्याचे जुने दुखणे येथे नव्याने भेटते. प्रत्येक फॉन्ट हे झेपवतोच असे नाही, म्हणून आधी हे एक अक्षर तपासून मगच फॉन्ट निवडावा.

माझा संगणक दोन जीबी रॅमचा, कोअर टू ड्युओ, मूळचा विंडोज एक्सपीचा. त्या प्रणालीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्येच संपला. भंगारात देण्याऐवजी मी त्यावर अँटीएक्स हे हलके लिनक्स घातले. नवख्याने प्रथम यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे ते पाहावे, कारण ३२ बिटला आता मोजकेच लिनक्स चालते. मग पेन ड्राइव्हवरूनच ते चालवून बघावे. हार्ड डिस्कला हात न लावता आवाज आणि मराठी कळफलक नीट आहेत की नाही ते समजते. लिब्रेऑफिसमध्ये तक्ता आखून एका मात्रेला एक घर दिले की भातखंडे लिपी सरळ बसते. पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी हवी असल्यास लिलीपाँड आहे. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डचांनी १९९६ मध्ये ते सुरू केले. त्यात स्वर चित्राने मांडत नाहीत, साध्या अक्षरांत लिहितात, आणि संगणक त्यांचे कोरीव पान करतो. खाली गाण्याचे शब्द देवनागरीत घालता येतात. माझ्या दृष्टीने लाभ असा की मूळ फाइल निव्वळ मजकूर असते. उद्या हे यंत्र मेले तरी ती दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर वाचता येईल.

शब्दांची कथा वेगळीच. झाडी बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. डोळ्याचा ‘डोरा’ होतो, पाण्याचे ‘पानी’. शुद्धलेखन तपासनीस अशा शब्दांखाली लाल रेघ मारत सुटतो आणि शेजारीच कोमल स्वरांची काळी रेघ असते. तो तपासनीस मी बंद केला. गायकाच्या तोंडून आले तेच लिहायचे. ‘पानी’चे ‘पाणी’ करून छापले तर ती दंडार राहत नाही.

एक अडचण मात्र लिपीतच आहे. दंडारीत ढोलकी लागण्यापूर्वी मुख्य गाणारा एक लांब, ताल नसलेली हाक देतो, आणि मग झील धरणारे उचलतात. मात्रांच्या घरांत ती हाक मावत नाही. तेवढी जागा मी कोरी ठेवतो आणि तेथे ध्वनिमुद्रणाची फाइल व मिनिट-सेकंद टाकतो. पुढचा तक्ता ढोलकीच्या पहिल्या थापेपासून. आतापर्यंत अकरा गाणी अशी झाली आहेत. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरू लागेल. संगणक घरीच राहील. सोबत वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन दोन गावी जायचे आहे, दोन्हीकडचे म्हातारे गायक अजून गातात.