विषमज्वर आणि दोन हैदराबाद

विषमज्वराचा, म्हणजेच टायफॉइडचा, इतिहास हा बव्हंशी पाण्याचा इतिहास आहे. रोग्याच्या विष्ठेतील जंतू पाण्यावाटे व अन्नावाटे निरोगी माणसाच्या पोटात जातात. म्हणून ज्या नगरात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते, तेथे हा ज्वर ठाण मांडून बसतो.

दक्षिणेतील हैदराबादेत पाण्याची व्यवस्था लागली ती एका महापुरानंतर. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुरात सहस्रावधी माणसे प्राणांस मुकली. निजाम सरकारने पाचारण केलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पूर अडविण्यासाठी वरच्या अंगास जलाशय सुचविलेच; शिवाय शहरासाठी भुयारी गटारांची योजनाही आखली. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. या जलाशयांनी शहरास पिण्याचे पाणीही पुरविले.

शतकानंतर त्याच शहरात या रोगाविरुद्ध दुसरी तटबंदी उभी राहिली. जंतूच्या आवरणातील शर्करेपासून केलेली पूर्वीची लस दोन वर्षांखालील बालकांस फारशी उपयोगी पडत नसे. त्या शर्करेला धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाची जोड देताच तान्ह्या मुलांतही प्रतिकारशक्ती निर्माण होऊ लागली. भारत बायोटेकने हैदराबादेत तयार केलेल्या अशा लसीला २०१३ साली भारतात परवाना मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१७ च्या अखेरीस लाभली, आणि २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी लसीकरणाची मोहीम काढली.

तिची कठोर कसोटी मात्र त्याच नावाच्या दुसऱ्या शहरात, सिंधमधील हैदराबादेत, लागली. तेथे २०१६ च्या अखेरीपासून पाच प्रकारच्या औषधांना न जुमानणारा विषमज्वर पसरला. पोटात घेण्याजोगे परिणामकारक औषध जवळजवळ एकच उरले. तेव्हा दक्षिणेतील हैदराबादेत बनलेली ही लस तेथील सुमारे दोन लाख मुलांना टोचण्यात आली. लस घेतलेल्या मुलांत या दुर्धर ज्वराचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे पुढील अभ्यासात दिसले. २०१९ साली पाकिस्तानने आपल्या नित्य लसीकरणात तिचा समावेश केला.

तथापि सिंधमधील तपासात पिण्याच्या पाण्यात मैल्याचे अंश आढळले होते, हे विसरून चालणार नाही. लस बालकाला वाचविते. फुटलेला नळ ती सांधू शकत नाही. विश्वेश्वरय्यांनी हाती घेतलेले काम प्रत्येक पिढीला नव्याने करावेच लागते.