कुंकू ते सैराट : वाजलेलं आणि न वाजलेलं संगीत



रोवणी आटोपली की आपल्याकडच्या बायांना बसायला जराशी सवड मिळते. म्हणून आजचा विषय बचतीचा नाही आणि कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज सिनेमाच्या संगीताबद्दल बोलू.

'सैराट'च्या गाण्यांवर आपल्या भंडारा जिल्ह्यात किती वराती नाचल्या, याचा हिशोब कोणत्याच गटाच्या वहीत सापडायचा नाही. लाखनी असो की लाखांदूर, 'झिंगाट' लागलं की नवरदेवाची मावशीसुद्धा पदर खोचून पुढे येते. आम्हीही नाचलो आहोत, खोटं कशाला सांगायचं? पण त्या सिनेमाचं संगीत म्हणजे फक्त त्याची गाणी नव्हेत. गाण्यांच्या मागेही एक संगीत असतं.

ते कसं, हे आपल्याला मंडईतून समजेल. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री आपण झाडीपट्टीचं नाटक बघायला बसतो. तिथे ऑर्गन आणि तबला वाजवणारे असतात. नट तोंड उघडायच्या आधीच ऑर्गनवाला एक सूर धरतो आणि आता काहीतरी वाईट होणार, हे आपल्याला कळून जातं. कोणी गात नसतं, तरी पोटात धस्स होतं. सिनेमात हेच काम पार्श्वसंगीत करतं. कुठे रडायचं, कुठे घाबरायचं, कुठे खूश व्हायचं, हे ते आपल्याला हळूच सांगत असतं.

आता थोडं मागे जाऊ. सन 1937. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' नावाचा सिनेमा काढला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे यांचं. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो केला होता. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून देतात. नीराचं काम शांता आपटे यांनी केलं. नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती सरळ सांगते आणि त्या घरात राहूनही त्याला नवरा मानत नाही. मुलीच्या लग्नाचं वय किमान 14 असावं, असं सांगणारा शारदा कायदा तेव्हा नुकताच, 1930 पासून, लागू झाला होता. म्हणजे नीरासारख्या मुली तेव्हा घरोघरी होत्या.

या सिनेमात एक वेगळी गोष्ट केली होती. त्यात गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत नाही. जे काही ऐकू येतं, ते त्या घरातलंच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज. मनाविरुद्ध लग्न झालेल्या बाईला सासरी काय ऐकू येत असेल? हेच तर ऐकू येतं! तिच्या दुःखाला कोणी वाजंत्री लावत नाही.

त्यानंतर 79 वर्षांनी, 29 एप्रिल 2016 रोजी, नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. विषय पुन्हा मुलीच्या लग्नाचाच. संगीत अजय-अतुल या दोघा भावांचं. त्यांनी मात्र उलटं केलं. पाश्चात्त्य वाद्यवृंद हवा म्हणून ते थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. करमाळ्याकडची पोरगी ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, विहिरीवर येऊन दरडावते, आणि तिच्यामागे वाजतात ढीगभर व्हायोलिनं. गावातल्या शेतकऱ्याच्या पोरीला एवढा मोठा बाजा कधी मिळाला होता? लोकांना ते आवडलं. पडद्यासमोर लोक नाचले, पैसे उधळले. पुढे हिंदीत 'धडक' झाला, कन्नडमध्येही झाला, पण आपल्या वरातीत अजूनही मूळचंच वाजतं.

गेल्या वर्षी गटाची बैठक संपल्यावर आम्ही एका ताईच्या घरी टीव्हीवर 'सैराट' लावला. पहिला भाग होईपर्यंत निम्म्या जणी उभ्या राहून नाचत होत्या. पुढे गाणी कमी होत गेली आणि हैदराबादच्या झोपडपट्टीतले दिवस आले, तशा सगळ्या खाली बसल्या. शेवटी आर्चीचा भाऊ माहेरची भेट घेऊन येतो. ती चहा ठेवते. नंतर शेजारीण तिच्या लेकराला परत आणून सोडते आणि ते पोर घरात जातं. तिथे सिनेमातला सगळा आवाज बंद होतो. सूर नाही, किंकाळी नाही, काहीच नाही.

आमच्यातली एक काकू म्हणाली, "टीव्ही बिघडला का गं?" आणि ती रिमोट शोधायला लागली. कोणीच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तिलाही कळलं. रिमोट हातातच राहिला.

त्या रात्री आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. काही महिन्यांआधी एका गटात बातमी आली होती. दुसऱ्या जातीच्या मुलाशी बोलते म्हणून एका मुलीचं कॉलेज बंद केलं, मोबाईल काढून घेतला, घाईघाईने स्थळं बघणं सुरू झालं. तिची आई बैठकीला आली होती, मान खाली घालून. आम्ही हप्ता गोळा केला, वहीवर सह्या घेतल्या आणि उठलो. तो त्यांच्या घरचा मामला, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. सिनेमातली शांतता आपल्याला झोपू देत नाही. आमची शांतता मात्र आम्हाला सोयीची होती.

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. सगळ्यांचं एकमत झालं नाही. "आमच्या घरात असं झालं तर आम्हीही रागावू," असं दोघी-तिघी बोलल्या, आणि त्यांचं खरं बोलणं आम्हाला बरं वाटलं. राग येऊ शकतो. पण रागावणं वेगळं आणि पोरीला कोंडणं, मारणं वेगळं.

म्हणून काही गोष्टी पाठ करून ठेवा. मुलीचं 18 आणि मुलाचं 21 वर्षं वय पूर्ण असेल, तर त्यांच्या लग्नाला आईवडिलांची किंवा जातीची परवानगी कायद्याने लागत नाही. वेगळ्या जातीधर्मातल्या लग्नासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. 27 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितलं की, सज्ञान मुलामुलीच्या लग्नात जातपंचायतीने आडवं येणं बेकायदेशीर आहे आणि अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यायचं आहे. महिलांसाठी मदतीचा नंबर 181, पोलिसांचा 112. मुलगी 18 च्या आतली असेल तर 1098.

त्या आईकडे आम्ही नंतर गेलो. उशिरा गेलो, पण चौघी मिळून गेलो. तिने चहा केला. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. तिसऱ्या खेपेला बोलली. मुलीने बारावीचा फॉर्म भरला आहे. पुढचं अजून ठरायचं आहे, आणि आम्ही जात राहणार आहोत.

यंदाच्या लग्नसराईत 'झिंगाट' वाजलं की खुशाल नाचा. फक्त वरात पुढे गेली की एकदा मागे वळून बघा, नवरीला कोणी विचारलं होतं का?