जू, पिन आणि पाचवं चाक

कांद्याचा हंगाम भरात आला की लासलगावच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते. १९४७ साली समिती सुरू झाली तेव्हाचं वाहन म्हणजे बैलगाडी. गाडी गेली, ट्रॉली आली, इतकं सगळ्यांनाच दिसतं. ओढणारा आणि ओढला जाणारा यांना जोडणारा सांधा कसा बदलत गेला, तिकडे मात्र फारसं कोणी बघत नाही.

बैलगाडीला दोनच चाकं, म्हणून माल भरणं हीच कसोटी. पोती कण्याच्या मागे गेली की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते, जू मानेवरून सुटू पाहतं आणि जोती बैलांच्या गळ्याला काचतात. पुढे जास्त भरलं तर सगळा भार मानेवर येऊन बैलाचा खांदा सुजतो. जाणता गाडीवान कण्याच्या किंचित पुढे ओझं ठेवी, जुवावर दाब राहील पण काच बसणार नाही इतपत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तूप लावून खांदमळणी करतात ती याच खांद्यांची. सांध्याचा एवढा मान दुसऱ्या कुठल्या वाहनाला मिळाल्याचं ऐकिवात नाही!

युरोपातल्या चारचाकी घोडागाड्यांपुढे वेगळीच अडचण होती, ती वळण्याची. त्यावर तोडगा म्हणून पुढच्या कण्यावर एक आडवं लोखंडी कडं बसवलं गेलं. कणा त्या कड्याखाली फिरे. आडवं निजलेलं हे कडं म्हणजे जणू गाडीचं पाचवं चाक, आणि तेच नाव रूढ झालं. निफाड-येवल्याकडच्या चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या कण्यावर आजही असं कडं असतं. गॅरेजात त्याला टर्नटेबल म्हणतात. तिचा भार तिच्याच चाकांवर असतो, ट्रॅक्टरने नुसतं ओढायचं. दोनचाकी ट्रॉली मात्र बैलगाडीची सख्खी बहीण. ती पुढे जड झाली की पिनेवर दाब येतो आणि ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग दाद देत नाही.

घाटात ओढण्याचंही गणित बदलतं. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. चढ १:३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. अख्खी गाडी पुढूनच ओढायची तर पहिल्या जोडाला सगळा ताण सोसावा लागणार, आणि तो तुटला तर सुटलेले डबे उतारावरून मागे धावत सुटणार. त्यावरचा उपाय म्हणजे बँकर, कसाऱ्याला मागून लावायचं इंजिन. त्याच्या रेट्याने पुढच्या जोडांवरचा ताण कमी होतो आणि मागे घसरू पाहणाऱ्या डब्यांना आधार मिळतो.

तिकडे अमेरिकेत डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने १९१४ साली एका लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहण्यासाठी फोर्ड मोटारीमागे लावायचा ट्रेलर बनवला. चार्ल्स मार्टिनने त्याच सुमारास घोडागाडीचं ते कडं ट्रकच्या पाठीवर आणलं. मग ट्रेलरला पुढची चाकं लागेनात. त्याचं पुढचं अंग ट्रकवरच टेकू लागलं. थोडक्यात, गाडी पुन्हा बैलाच्या मानेवर आली. आपल्याकडच्या ड्रायव्हर मंडळींनी पुढच्या इंजिनवाल्या भागाला ‘घोडा’ म्हणावं, हे नामकरण इतिहासाला धरूनच आहे.

२६ मे १९८९ रोजी न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं. पिंपळगाव बसवंत, दिंडोरीकडची द्राक्षं आता थंड कंटेनरांतून त्या बंदराकडे जातात आणि पुढे नेदरलँड्ससारख्या देशांत पोहोचतात. कंटेनर वाहणारा ट्रेलर घोड्याला जोडताना निवड बारीक असते. ट्रेलरखालची किंगपिन ५० मिलिमीटरची की ९० मिलिमीटरची, हे आधी बघावं लागतं, कारण एकीला पकडण्यासाठी केलेला पाचव्या चाकाचा जबडा दुसरीला चालत नाही. पाचवं चाक घोड्याच्या मागच्या कण्याच्या जरासं पुढे बसवतात, म्हणजे भाराचा थोडा वाटा पुढच्या चाकांनाही मिळतो. मागे सरकलं तर घोड्याचं तोंड हलकं होतं. दोनचाकी ट्रॉलीवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जोडणी झाली की ड्रायव्हर ट्रेलरचे ब्रेक तसेच ठेवून घोड्याला हलकासा हिसका देतो. जबडा सुटला नाही की खाली उतरतो, टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकतो आणि पिन नीट अडकली आहे ना, ते डोळ्यांनी बघतो. मगच ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले जातात आणि गाडी कसारा घाटाच्या वाटेला लागते.