शिजियाझुआंग

शिजियाझुआंग : उत्तर चीनमधील हेबेई प्रांताची राजधानी व मोठे रेल्वे जंक्शन. बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारे २८० किमी. अंतरावर, ३८° उत्तर अक्षांश आणि ११४° ३०' पूर्व रेखांशाच्या आसपास ते वसले आहे. प्रशासकीय हद्दीचे क्षेत्रफळ सुमारे १४,००० चौ. किमी. असून २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटीहून अधिक भरली. या हद्दीत डोंगरी तालुके, गव्हाची शेते आणि शेकडो खेडी येतात, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवावे. चीनमधील बहुतेक प्रांतांच्या राजधान्या जुन्या तटबंदीचा आणि राजघराण्यांचा इतिहास सांगतात. शिजियाझुआंगला तो नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे काहीशे वस्तीचे खेडे होते. नाव घेण्याजोगे शहर म्हणजे हुतुओ नदीच्या उत्तर काठावरील झेंगडिंग.

खेड्याचे शहर केले ते रेल्वेने. बीजिंग–हांकौ हा उत्तर-दक्षिण लोहमार्ग १९०६ मध्ये पूर्ण झाला. त्याला पश्चिमेकडील शान्शी प्रांताची राजधानी ताइयुआन जोडणारा फाटा झेंगडिंगहून काढायचा असे ठरले होते. पण तेथून निघायचे तर हुतुओवर आणखी एक पूल बांधणे आले. तो खर्च टाळण्यासाठी आरंभस्थान नदीच्या दक्षिणेस सरकवण्यात आले, आणि मार्गाच्या नावात झेंगडिंगचे आद्याक्षर तेवढे उरले. फ्रेंच भांडवलावर आणि फ्रेंच अभियंत्यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. मुख्य मार्ग प्रमाणमापी रुळांचा, तर हा मीटरगेज. त्यामुळे शान्शीचा कोळसा येथे एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. गेज बदलते तेथे हमाल, वखारी, अडते आणि खानावळी जमतात, हे जुन्या मनमाड–मिरजेकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९३९ मध्ये जपानी अमलाखाली रूळ रुंद झाले, तोवर गावाचे शहर झालेले होते. शेजारच्या शिउमेन गावासह त्याला शिमेन असे नाव मिळाले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये साम्यवादी सैन्याने ते जिंकले आणि जुने नाव परत आले. भक्कम बचावाचे मोठे शहर या सैन्याच्या हाती पडण्याची यादवी युद्धातली ही पहिली महत्त्वाची घटना मानतात. हेबेईची राजधानी बाओडिंग, तिआनजिन व पुन्हा बाओडिंग अशी फिरत १९६८ मध्ये येथे आली ती कायमची.

भूवर्णन : शहर ताइहांग पर्वताच्या पायथ्याशी आहे. पश्चिमेकडील तालुक्यांत काही शिखरे २,००० मी.हून उंच असून पूर्वेकडे उत्तर चीनचे गाळाचे मैदान सपाट पसरलेले आहे. शहराची उंची मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम ८० मी. पर्वतातून पलीकडे जाणारी जुनी वाट जिंगशिंगच्या खिंडीतून जाते. इ. स. पू. २०४ मध्ये हान सेनापती हान शिन याने नदीला पाठ देऊन सैन्य उभे केले आणि जाओ राज्याचा पराभव केला तो याच ठिकाणी. ताइयुआनचा लोहमार्गही हीच वाट धरून जातो.

हुतुओ नदी शान्शीतून उतरून शहराच्या उत्तरेने वाहते. १९५८ पासून तिच्यावर गांगनान व हुआंगबीजुआंग ही धरणे बांधण्यात आली. पुराचे भय कमी झाले, पण शहराजवळचे पात्र पुढे काही दशके कोरडेच राहिले. शेती, कारखाने व नळयोजना भूजलावर जगू लागल्याने पाण्याची पातळी खोल गेली. २००८ मध्ये तर याच धरणांचे पाणी नव्या कालव्याने बीजिंगला पाठवण्यात आले. स्वतः तहानलेल्या प्रांताने राजधानीला पाणी पुरवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दक्षिणेचे पाणी उत्तरेस आणणाऱ्या योजनेचा मध्य मार्ग पूर्ण वाहता झाला, तेव्हा शहराला यांगत्से खोऱ्यातील पाणी मिळू लागले. अलीकडे नदीपात्रातही पाणी सोडले जाते.

हवामान : मोसमी, पण खंडांतर्गत स्वरूपाचे. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली, जुलैचे सुमारे २७° से. वर्षाकाठी पाऊस ५०० मिमी.च्या आसपास पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत. वसंत ऋतू कोरडा, वाऱ्याचा व धुळीचा असतो. उन्हाळ्यात पर्वतावरून खाली उतरणारा वारा तापत येतो व पारा ४०° से.पलीकडे नेतो. डोंगराळ भागात एखाद्या दिवसात ढग कोसळल्यासारखा पाऊस होतो. जुलै २०१६ मध्ये जिंगशिंग भागात अशाच पावसाने मोठी हानी झाली.

हिवाळ्यातील धुके हा या हवामानाचा सर्वांत चर्चिलेला भाग. पश्चिमेला पर्वताची भिंत, वर उबदार हवेचे झाकण, आणि खाली कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या, पोलाद व सिमेंटचे कारखाने. चीनमधील सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत शिजियाझुआंग वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांत राहिले. २०१३–१४ मध्ये पायथ्याकडील अनेक सिमेंट कारखाने पाडण्यात आले, तर शहरातील पोलाद कारखाना २०२० मध्ये जिंगशिंगकडे हलवला गेला. हवा सुधारली आहे. चांगली झाली आहे असे मात्र अजून म्हणवत नाही.

अर्थव्यवस्था : हिवाळी गहू व त्यामागोमाग मका ही मैदानी शेतीची ठरलेली जोडी. जाओ तालुक्यातील व जिनझोऊ येथील पेअर ही फळे देशभर जातात. डोंगराळ पट्ट्यात अक्रोड व लाल चिनी बोर होते. कापसाच्या पट्ट्यामुळे १९२० च्या दशकात सूतगिरणी आली आणि १९५० च्या दशकात सरकारी गिरण्यांची रांगच उभी राहिली.

शहराची खरी ओळख औषधनिर्मिती. सोव्हिएत साहाय्याच्या योजनेतून उत्तर चीन औषध कारखान्याची उभारणी १९५३ मध्ये हाती घेण्यात आली व १९५८ मध्ये उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिनसाठी परदेशाकडे पाहण्याची चीनची गरज येथून कमी झाली. पुढे जीवनसत्त्व ‘क’ व कच्च्या औषधी द्रव्यांतही शहराने जागतिक बाजारात जागा मिळवली. १९८४ मध्ये मा शेंगली यांनी तोट्यातील सरकारी कागद गिरणी करारावर चालवायला घेऊन नफ्यात आणली आणि ते आर्थिक सुधारणांच्या काळातील नायक ठरले. देशभरच्या शंभर गिरण्या तशाच चालवण्याचा त्यांचा बेत मात्र फसला. दुग्धव्यवसायाचा शेवट याहून कडवट : सानलू या येथील कंपनीच्या शिशुदुग्धचूर्णात मेलामाइन आढळले, सुमारे तीन लाख बालके बाधित झाली आणि २००८ च्या त्या प्रकरणानंतर कंपनी दिवाळखोरीत निघाली.

दळणवळण हा आजही शहराचा कणा आहे. एप्रिल २००९ मध्ये ताइहांगच्या पोटातून, सुमारे २८ किमी. लांबीच्या बोगद्यासह, ताइयुआनचा जलद मार्ग सुरू झाला. डिसेंबर २०१२ मध्ये बीजिंग–ग्वांगझोऊ मार्गावरील नवे स्थानक उघडले. त्याच वेळी शहराचे दोन भाग करणारा जुना मार्ग भुयारात घालण्यात आला. आता बीजिंग तासा-सव्वातासावर आहे आणि त्यामुळे होतकरू तरुण तिकडे ओढले जातात. भुयारी रेल्वे २०१७ पासून चालू आहे.

स्थळे : उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमीत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्याप्रमाणेच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांची समाधी आहे. १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून आलेले कोटणीस याच प्रांताच्या तांग तालुक्यात वारले. त्यांचे अवशेष नंतर येथे आणले गेले. शहरातील एका वैद्यकीय विद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि चिनी पाहुणे सोलापुरातील त्यांच्या घरी येतात ते याच धाग्याने. जाओ तालुक्यातील आन्जी पूल सुई काळात, सातव्या शतकाच्या आरंभी, ली चुन याने बांधला. सुमारे ३७ मी. गाळ्याची ही चपटी दगडी कमान असून खांद्यांवर पुराचे पाणी जाण्यासाठी लहान कमानी ठेवल्या आहेत. झेंगडिंगच्या लोंगशिंग मंदिरातील कांस्यमूर्ती सोंग काळातील. पिंगशान तालुक्यातील शिबाइपो येथे १९४८–४९ मध्ये साम्यवादी पक्षाचे मुख्यालय होते. तेथील मूळ खेडे गांगनान जलाशयात गेले, आणि आज दाखवली जातात ती घरे वरच्या उतारावर पुन्हा बांधलेली आहेत.