चौथाईची वाटणी आणि मराठी राज्यसंघ

मध्यवर्ती सरकारने किती घ्यावे आणि प्रांतांनी आपल्याकडे किती ठेवावे, हा वाद 1935 च्या कायद्याने किंवा 1950 च्या राज्यघटनेने प्रथमच उपस्थित केला, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातील एखादा रुमाल सोडून त्यातले मोडी सरंजामजाबते एकवार नजरेखालून घालावेत. केंद्र आणि त्याचे बलाढ्य घटक यांच्यातील ओढाताण इतक्या बारकाईने कागदावर उतरलेली अन्यत्र क्वचितच आढळेल.

शिवछत्रपतींचा कटाक्ष फौजेला रोख वेतन देण्यावर होता. परंतु जिंजीच्या वेढ्याच्या दिवसांत, खजिना रिता आणि स्वराज्याचा मुलूख मोगलांच्या टाचेखाली अशा स्थितीत, राजाराम महाराजांना जो मुलूख सोडवील त्याला त्यातूनच सरंजाम लावून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यामुळे शाहू महाराज 1707 साली मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा त्यांच्यासमोर उभे होते ते स्वतःच्या मनगटावर मुलूख कमावलेले सरदार. त्यांना मोडणे अशक्य होते, आणि मोकळे सोडणे म्हणजे राज्यावर पाणी सोडणे होते. यातून जी वाट काढली गेली तिचे श्रेय मुख्यतः बाळाजी विश्वनाथ यांचे.

1719 साली बाळाजीपंतांनी दिल्लीहून स्वराज्याच्या, आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सरदेशमुखीचा दशांश हे छत्रपतींचे वतन म्हणून वेगळे राहिले. चौथाईचे 100 रुपये धरले, तर त्यातील 25 राजबाबती म्हणून महाराजांचे. उरलेल्या 75 रुपयांच्या मोकाशातून 6 रुपये सहोत्रा पंत सचिवांना, 3 रुपये नाडगौंडा महाराज मर्जीने देतील त्याला. आणि बाकीचे 66 रुपये ऐन मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांना. शिवाय एकाच मुलखात राजबाबतीची वसुली एकाकडे, मोकासा दुसऱ्याकडे, सहोत्रा तिसऱ्याकडे, असे हे अमल परस्परांत गुंतविले गेले होते. या गुंतागुंतीत पुष्कळांना कारकुनी लोभ दिसला. मला तीत राज्य एकत्र बांधून ठेवण्याची खटपट दिसते. ज्याचा हक्क शेजाऱ्याच्या मुलखात अडकला आहे, त्याला शेजाऱ्याशी आणि साताऱ्याशी संबंध तोडून भागत नाही. मात्र जो जितका दूर जाऊन जिंकील तितका तोच प्रबळ होईल, हा दोष या योजनेत जन्मतःच होता, हेही कबूल केले पाहिजे.

या दोषावर उतारा म्हणून दरकदारांची योजना होती. सरदाराच्या पदरी दिवाण, मुजुमदार, फडणीस इत्यादी अंमलदार हुजुरातून नेमले जात. त्यांना दूर करण्याचा अधिकार सरदाराला नसे. सरंजामाच्या जाबत्यात किती स्वार ठेवावयाचे ते लिहिलेले असे, आणि हजिरीच्या वेळी घोड्याचा रंग आणि अंगावरील खुणा चेहरेपटात नोंदविल्या जात, की मागून कोणी उसने घोडे आणून उभे करू नये. सरदार मृत्यू पावला तर त्याच्या मुलाने नजर भरून सरंजाम नव्याने करून घ्यावयाचा. अशा रीतीने लेखणी तलवारीवर पहारा करीत होती.

पण लेखणीच्या मागे निवाडा करणारा कोणीतरी लागतो. 1731 साली डभईच्या रणात पेशवे आणि सेनापती दाभाडे यांच्यातील गुजरातचा तंटा तलवारीने मिटला. उलट 1743 मध्ये नानासाहेब पेशवे आणि रघूजी भोसले यांचा वाद शाहू महाराजांनी दोघांच्या हद्दी ठरवून आणि बंगाल रघूजीकडे सोपवून मिटविला. तो निवाडा मानला गेला तो महाराजांच्या व्यक्तिगत वजनामुळे. असा निवाडा देणारी संस्था अशी कधी निर्माण झालीच नाही, आणि 1749 साली महाराज गेले तेव्हा ते वजनही गेले. पुढे महादजी शिंदे यांनी 1782 चा सालबाईचा तह स्वतः जामीन राहून घडवून आणला, आणि 1792 साली ते वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्यास आले, तेव्हा त्यांच्या आणि नाना फडणीस यांच्यामधील मोठा वाद हिंदुस्थानच्या मोहिमांच्या जमाखर्चाचाच होता. पुण्यास हिशेब हवा होता. शिंद्यांना झालेला खर्च पुण्याकडून हवा होता. दोघांचीही मागणी रास्त होती, आणि दोघांच्यावर तिसरा कोणी नव्हता.

1795 साली खर्ड्यास सारे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली अखेरचे एकत्र आले. 1802 साली होळकरांनी पुण्यानजीक पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह केला. पुढील वर्षी असईच्या मैदानात शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी झुंजत असता यशवंतराव होळकर दूरच राहिले. ते युद्धात उतरले 1804 साली, आणि तोवर शिंदे व भोसले या दोघांचेही तह होऊन गेले होते.